हल्ली तळाला काही बसत नाही

३ मार्च, सोमवार

डॉक्टर म्हणाले, "रक्तदाब वाढलाय. मनात काही साठवू नका." मी म्हटलं, "डॉक्टर, माझ्या मनात काही साठतच नाही, लगेच तोंडातून बाहेर पडतं." यावर शेजारी बसलेली आमची सूनबाई इतक्या जोरात मान हलवायला लागली की मला वाटलं, आता हिलाच तपासायला लागतंय.

परत येताना तिनं ही वही घेतली. "आई, रोज थोडं लिहीत जा, बरं वाटेल." म्हणजे बोलणं कमी करा. कळतं हो आम्हाला, उन्हात नाही केस पांढरे केले.

तर लिहिते. घरात आम्ही दोघीच. चिरंजीव मोठ्या शहरात, गोल फिरणाऱ्या खुर्चीवर. तीन वर्षांपूर्वी त्यांना साक्षात्कार झाला होता की लोकांनी फेकलेले कॉम्प्युटर, मिक्सर, टीव्ही यांचा चुरा करून त्यातून धातू आणि प्लास्टिक वेगळं काढायचं. "आई, कचऱ्यातून सोनं काढणार!" शेड घेतली, यंत्रं आणली, बायकोला प्रयोगशाळेतली चांगली नोकरी सोडायला लावली. नव्याचे नऊ दिवस संपले आणि चिरंजीवांना दुसरा साक्षात्कार झाला, की आपला पिंड नोकरीचा आहे. कचरा राहिला बायकोकडे.

काल त्याचा फोन आला. शेड त्याच्या नावावर आहे. या महिनाअखेरपर्यंत कायमचं गिऱ्हाईक मिळालं नाही तर शेड सोडायची, यंत्रं विकायची आणि दोघींनी त्याच्याकडे राहायला जायचं. सूनबाई "बरं" म्हणाली आणि भांडी घासत बसली. घासलेलीच भांडी परत घासली.

मला तर बाई हेच हवंय. सातव्या मजल्यावरची बाल्कनी, समोर दुसऱ्या इमारतीची बाल्कनी, तिच्यात वाळत घातलेले कुणाचे तरी टॉवेल. सुख म्हणतात ते हेच असावं.

५ मार्च, बुधवार

रोज सकाळी मीही शेडवर जाते. हौस म्हणून नव्हे. घरी एकटीनं भिंतीशी बोलायचं, त्यापेक्षा तिकडे लक्ष तरी राहतं.

तिथला कारभार सांगण्यासारखा आहे. आधी सूनबाई प्रत्येक वस्तू उघडून बॅटऱ्या काढते, कारण बॅटरी यंत्रात गेली तर भडका. मग सगळं गिरणीत. गिरणी म्हणजे चुरा करणारं यंत्र, आम्ही आपलं गिरणी म्हणतो. तिच्यावर बोळेमामा. कानात कायम कापसाचे बोळे, म्हणून बोळेमामा. गिरणी चालू असो की बंद, बोळे असतातच. त्यांच्याशी सगळं बोलणं हातवाऱ्यांनी. माझ्या तोंडाला घाबरून बोळे घालतात, असं सूनबाई एकदा हसत म्हणाली होती. हसली म्हणून सोडून दिलं.

चुऱ्यातलं लोखंड चुंबक ओढून घेतं, ॲल्युमिनियम एक चाक पलीकडे उडवून देतं. उरलेलं पट्ट्यावरून सरकत येतं. तिथे मी बसते आणि तांब्याच्या तारा, पितळेच्या पिना वेचते. तांदूळ निवडण्यात हयात गेली, हे काय अवघड आहे? मागच्या आठवड्यात सूनबाई म्हणाली, "आई, तुमच्या पट्ट्यावरून पुढे तांब्याचं कुसळही जात नाही." मी म्हटलं, "लोणी नको लावू." पण खोटं नाही ते.

राहिलेलं प्लास्टिक जातं मिठाच्या पाण्याच्या टाकीत. ही टाकी म्हणजे सूनबाईचं देवघर. तिथे तिच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. म्हणे, काही प्लास्टिकात आग लागू नये म्हणून रसायन घातलेलं असतं. ते विषारी, आणि जडही. पाण्यात मीठ अगदी बेताचं ठेवलं की चांगलं प्लास्टिक तरंगतं आणि हे रसायनवालं तळाला बसतं. मीठ कमी झालं तर चांगलंही बुडतं. जास्त झालं तर वाईटही तरंगतं. म्हणून ती रोज सकाळी पाण्यात एक काचेचा काटा सोडते आणि डोळे बारीक करून आकडा बघते. बाळाचा ताप बघावा तसा.

चाळीस वर्षं मी अंदाजानं मीठ घालतेय, कुणी उपाशी उठलं नाही. पण शिकलेल्यांना कोण सांगणार.

तळाला बसलेला माल उपसून लाल पिंपात भरायचं काम मात्र माझ्याकडे. मानाची कामं अशीच मिळतात म्हातारपणी.

१० मार्च, सोमवार

आज एक गिऱ्हाईक आलं. खेळणी बनवणारे गृहस्थ. पोट पुढे, बोलणं त्याच्याही पुढे. तरंगलेल्या प्लास्टिकचा चुरा मुठीत घेऊन वास घेतला, उन्हात धरून बघितला. म्हणाले, "माल स्वच्छ आहे. पंचवीस तारखेपर्यंत एक ट्रकभर द्या. चांगला निघाला तर वर्षभर तुमच्याकडूनच."

सूनबाईनं चार-चारदा विचारलं, "पण तुम्ही यातून नक्की काय बनवणार?" अगं, खेळणीवाला काय नांगर बनवणार?

ते गेल्यावर ती टाकीच्या कडेला हात टेकून कितीतरी वेळ उभी होती. मी विचारलं, "पाठ धरली का?" म्हणाली, "नाही आई. मिळालं बहुतेक."

माझी बाल्कनी चालली की हातची! संध्याकाळी शिरा केला, तो आपला रवा जुना झाला होता म्हणून.

१३ मार्च, गुरुवार

परवान्याच्या कामासाठी सूनबाई सकाळच्या गाडीनं गेली, रविवारी परतणार. जाताना मला सूचना: गोळ्या वेळेवर घ्या, जड उचलू नका, टाकीला हात लावू नका. मी म्हटलं, "श्वास घेतला तर चालेल का?"

१४ मार्च, शुक्रवार

टाकीला हात लावला.

अहो, लावावाच लागला! ती नसताना जवळ जाऊन नीट बघितलं तर पाण्याचा रंग चिखलासारखा, वर फेस, कडेला बोटभर काळा थर. एवढं मोठं गिऱ्हाईक येणार आणि आमची टाकी ही अशी! लोक सुनेला नाही नावं ठेवत, सासूला ठेवतात. म्हणतील, घरात वडीलधारं कुणी आहे की नाही?

खालचा नळ उघडला. सगळं पाणी गाळाच्या खड्ड्यात. बोळेमामा दोन्ही हात हलवत धावत आले. मी हातानंच सांगितलं, बाजूला व्हा. मग पदर खोचला आणि घासली. आरसा केला आरसा. त्या गडबडीत कोपर लागून तो काचेचा काटा खाली पडला आणि फुटला. तो तिनं असा काठावर ठेवायचा कशाला मी म्हणते.

मग नवं पाणी भरलं. आता मीठ. मागे पोती होतीच. आपला हात जगन्नाथ! कमी पडायला नको म्हणून सढळ हातानं घातलं. बोळेमामांना पोती ओतायला लावली आणि मी काठीनं ढवळत राहिले. मीठ विरघळेनासं झालं, पाण्यानंच पुरे म्हटलं, तेव्हा थांबले. काही कमी राहायला नको, उगाच बोलणी कोण खाणार?

नितळ पाणी. जीव लावावा असं.

१६ मार्च, रविवार

सूनबाई आली. परवाना मिळाला. चेहरा उतरलेला होता, तरी आधी माझ्या गोळ्या मोजल्या.

शेडवर काट्याच्या काचा बघून म्हणाली, "हा कसा फुटला?" मी म्हटलं, "वारा होता बाई परवा." बोळेमामा वर छपराकडे बघत उभे. बिचारा भला माणूस.

तिनं लगेच नवा मागवला, पण तो यायला आठवडा तरी लागणार. मग विचारलं, "आई, पाण्याला कुणी हात नाही ना लावला?"

आता बघा, जुन्या पाण्याला मी हात लावलेलाच नव्हता. ते नळातून आपलं आपण गेलं. मी म्हटलं, "छे!"

"मग ठीक आहे. पाणी तेच तर मीठही तेच. काट्यावाचून काढू हा माल. थांबले तर पंचवीस तारीख गाठता येणार नाही." मग आत वाकून बघितलं. "गाळ कसा नाही हो?"

"खाली बसला असेल."

झाकली मूठ सव्वा लाखाची.

१९ मार्च, बुधवार

काय सांगू! माझ्या हाताला यश आहे म्हणतात ते उगाच नव्हे. सोमवारपासून माल नुसता वर येतोय. आधी चार टोपल्या प्लास्टिक टाकलं तर तीन वर यायच्या आणि एक तळाला जायची. आता टाकलं की सगळं वर! लाल पिंपात भरायला मला कामच उरलं नाही. तळ स्वच्छ. तीन दिवसांत ओंजळभर निघालं असेल नसेल.

सूनबाई दिवसभर बॅटऱ्या काढते, यंत्रांशी झटते, टाकीकडे बघायला तिला वेळ नाही. संध्याकाळी पोती बघून म्हणाली, "आई, एवढा माल निघाला?" मी नुसती हसले. कधीतरी सांगेन, की बाई, तुझा काटा जे करू शकला नाही ते या हातानं केलं.

बोळेमामा मला सारखी खूण करतात. बोट खाली, मग मान जोरजोरात नाही. मग दोन्ही तळवे वर, वर, वर. धंदा वर चाललाय म्हणतात. मीही तळवे वर करून दाखवले. त्यांनी कपाळाला हात लावला. भावुक आहे हो माणूस.

खेळणीवाल्यांचा माणूस येऊन एक पोतं नमुन्याला घेऊन गेला.

२१ मार्च, शुक्रवार

चिरंजीवांचा फोन. "आई, खोली रंगवून घेऊ का तुझ्यासाठी? महिना संपत आला."

मी म्हटलं, "रंग जरा थांबव. वासानं मला त्रास होतो." अजून लावलाच नाही तर वास कुठून येणार, असं तो म्हणाला. हुशार आहे, वडिलांवर गेलाय.

मग सूनबाईशी बोलला. तिचं आपलं "हो", "हो", "बघू". आठ वर्षं झाली लग्नाला, माझ्याशीही तिचं हेच. हो आई. बरं आई. कधी उलट उत्तर नाही की भांडण नाही. लोकांना वाटतं, केवढी गुणाची सून. मला मेलं कधीकधी हॉटेलात राहिल्यासारखं वाटतं.

२४ मार्च, सोमवार

आज जे झालं ते लिहायला हात धजत नाही. पण लिहिते.

खेळणीवाले आले, ट्रक घेऊनच. एक दिवस आधीच. कडेवर नात, वर्ष-सव्वा वर्षाची, गाल नुसते गोबरे. तिच्या हातात एक काळी गाडी. "तुमच्या नमुन्यातून बनवल्या दहा. बघा काय सुबक आली!" गाडीचं चाक त्या पोरीच्या तोंडात. दात येत होते, हिरड्या शिवशिवत असणार. कराकरा चावत होती आणि लाळ हनुवटीवरून गळत होती. मी रुमालानं पुसली. हसली माझ्याकडे बघून.

पोती ट्रकवर चढत होती. खेळणीवाले म्हणाले, "मुलांचा मामला आहे, म्हणून परत विचारतो. ते आगीच्या रसायनाचं काही यात नाही ना?"

सूनबाई म्हणाली, "एक तुकडा नाही. ते सगळं तळाला बसतं आणि वेगळं जातं. लाल पिंप दाखवू का?"

आणि इथे मी हात दाखवून अवलक्षण केलं. गप्प बसले असते तर! पण म्हटलं, सगळं श्रेय हिनंच का घ्यावं? पुढे होऊन म्हणाले, "अगं, पिंप कसलं दाखवतेस? हल्ली तळाला काही बसतच नाही! सगळा माल वर."

सूनबाईनं माझ्याकडे बघितलं. असं कुणी बघितलेलं नाही माझ्याकडे. रागानं नव्हे, रागाचं काय, मला सवय आहे. तिच्या तोंडावरचं रक्तच उतरलं. ती त्या पोरीजवळ गेली आणि तिच्या तोंडातून गाडी काढून घेतली. पोरीनं भोकाड पसरलं. हिनं स्वतःच्या ओढणीनं तिची जीभ, हिरड्या, ओठ पुसले. पुन्हा पुसले.

तेव्हा मला कळलं. काटा, मीठ, बोळेमामांचे तळवे, सगळं एकदम कळलं. पट्ट्याला धरून उभी राहिले.

"पोती उतरवा," सूनबाई म्हणाली. "हा माल देता येणार नाही. ही गाडी मी ठेवते, उरलेल्या नऊही परत आणून द्या."

खेळणीवाल्यांचा चेहरा लाल. "माझ्या नातीच्या तोंडात होतं ते! चूक कुणाची ही?"

"माझी," ती म्हणाली. "काटा फुटला होता. नवा येईपर्यंत मी माल काढायलाच नको होता."

आता ऐका. मी कुणाचं उपकाराचं खाल्लेलं नाही आजवर. माझी चूक ही बया आपल्या डोक्यावर घेणार आणि मी पदराआड उभी राहणार? इतका संताप आला मला! म्हटलं, "तुझी कशी? टाकी मी घासली. काटा मी फोडला. पोतीच्या पोती मीठ मी ओतलं. वाऱ्याचं खोटंही मीच सांगितलं. तुझा काय संबंध?"

बोळेमामांनी कानातले बोळे काढले. पहिल्यांदा.

खेळणीवाले नातीला घेऊन गेले. ट्रक रिकामा गेला. पोर कोपऱ्यावर वळेपर्यंत गाडीसाठी रडत होती.

घरी आल्यावर मी म्हटलं, "बोल मला काय बोलायचं ते." ती म्हणाली, "गोळी घेतलीत का आई?" त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर सुखानं झोपले असते.

२७ मार्च, गुरुवार

नवा काटा मंगळवारीच आला. टाकीतलं निम्मं पाणी काढलं, साधं पाणी घालत गेलो, काटा बघत गेलो. आकडा वाचायला तिनं मलाही शिकवलं. आकडा बरोबर झाला तशी ट्रकभर माल पुन्हा टाकीत. तीन दिवस तिघंही तेच करतोय.

काळे तुकडे खाली जाताना दिसतात. शांतपणे जातात. चार लाल पिंपं भरली. हे सगळं पोरांच्या तोंडात गेलं असतं, हे मनातून हलत नाही. मी स्वतः उपसलं सगळं, जड उचलू नका म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही.

खेळणीवाल्यांना तिनं सगळं खरं कळवलंय, नव्या मालाचा नमुनाही पाठवलाय. उत्तर नाही. सोमवारी महिना संपतो. चिरंजीवांनी यंत्रांना गिऱ्हाईक बघून ठेवलंय म्हणे.

मी मनापासून लिहिते, मला त्या बाल्कनीत जायचं नाही.

२९ मार्च, शनिवार

सकाळी खेळणीवाल्यांचा फोन आला. सूनबाईनं आवाज मोठा करून ठेवला, दोन्ही हात ओले होते म्हणून.

ते म्हणाले, "नात बरी आहे. डॉक्टरांना दाखवलं, एवढ्यानं काही होत नाही म्हणाले. त्या नऊ गाड्या पाठवतोय. तुमचा नवा माल तपासून घेतला, उत्तम आहे. भरला ट्रक थांबवणारं माणूस मला दुसरं मिळायचं नाही. वर्षाचं पक्कं करू. पण एक अट. त्या म्हाताऱ्या बाई टाकीजवळ दिसता कामा नयेत."

माझ्या मनात आलं, सुटलो! म्हातारी म्हटलं तेही मनावर घेतलं नाही.

आणि आमची गुणाची सून म्हणते कशी, "मग राहू द्या. त्या बोलल्या म्हणून तुम्हाला कळलं, मलाही कळलं. टाकी त्याच बघतील, काटा वाचायला मी त्यांना शिकवलंय. पटत असेल तर ट्रक पाठवा." आणि फोन बंद केला!

शेड जाणार, यंत्रं जाणार, हिनं रक्त आटवलेली तीन वर्षं जाणार, कशापायी? तर माझ्यासारख्या खाष्ट बाईला टाकीपाशी उभं राहता यावं म्हणून! मला रडू आवरेना. न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

मग तोंड धुतलं आणि ती भाजी आणायला गेल्यावर खेळणीवाल्यांना मीच फोन लावला. "मी ती म्हातारी. टाकी मी सोडली. जन्मात तिकडे फिरकणार नाही. पट्ट्यावर बसेन, तिथे मिठाचा संबंध नाही. ट्रक पाठवा." ते म्हणाले, "बाई, शब्द?" मी म्हटलं, "खोटं बोलायचं असतं तर त्या दिवशीच नसते का बोलले?" ते हसले. दुपारी ट्रक आला.

ट्रक दारात बघून सूनबाईला सगळं कळलं, आणि मग जे झालं ते बघायला लोक जमले असते तर बरं झालं असतं.

ओरडली! माझ्यावर! "मला न विचारता तुम्ही कोण ठरवणार? त्या दिवशी टाकीचं तेच, आज फोनचं तेच! मी अट मोडून काढणार होते, तो आज ना उद्या वळलाच असता! कधी ऐकणार आहात की नाही तुम्ही माझं?" आवाज केवढा, गिरणी परवडली.

मीही सोडते की काय? "आज ना उद्या? महिना संपायला दोन दिवस उरलेत, उद्या कुठला आणतेस? आणि मी तुझं ऐकायचं? आधी तू माझं ऐकायला शिक!" ट्रकवाला पोती चढवायची सोडून ऐकत उभा. अर्धा तास चाललं. आठ वर्षांची उधारी निघाली. मी तिच्या आईच्या आजारपणात तिला दोनच दिवस पाठवलं होतं, तेही निघालं. खरं होतं ते.

ट्रक गेला. ती अजून फुगून बसलीय, माझ्याशी बोलत नाही. दारं आपटतेय. मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

आत्ता चिरंजीवांचा फोन येऊन गेला. सांगितलं, शेड सोडायची नाही, यंत्रांच्या गिऱ्हाइकाला परत पाठव, खोली कुणाला तरी भाड्यानं दे. तो वैतागून म्हणाला, "आई, तू नक्की कुणाच्या बाजूनं आहेस?"

मी म्हटलं, "जी माझ्यावर ओरडते तिच्या."